दगड फुटला तर उरलेलं कुठून आणता?

"अर्धा दगड गायब, मग बाकीचं मनानंच भरता ना?" ग्रीक शिलालेख वाचते म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मी वाचते ते लेख इ.स.च्या चौथ्या ते सहाव्या शतकांतले, आजच्या तुर्कस्तान-जॉर्डनकडचे. विषय जीर्णोद्धाराचा: वेस, तटबंदी, स्नानगृह. मजकुराचा साचा ठरलेला. शहराचं भलं होवो, अमक्याच्या कारकिर्दीत हे काम नव्यानं झालं, अमुक साल. हा साचा इतक्या दगडांवर भेटतो, की 'नव्यानं झालं' या क्रियापदाची चार अक्षरं उरली तरी उरलेली बिनधास्त भरता येतात. तीही चौकोनी कंसात. कंसातलं आमचं, बाहेरचं दगडाचं. शंका असलेल्या अक्षराखाली टिंब. ही शिस्त १९३१ साली नेदरलँड्समधल्या लायडनला ठरली.

नावाला मात्र साचा नसतो. '-इओस' एवढंच शेपूट उरलं तर त्यात कितीतरी माणसं बसतात. तिथं एखादा ओळखीचा अधिकारी बसवून टाकणं मला अक्षम्य वाटतं, कारण पुढं त्याच नावावरून इमारतीचा काळ ठरवला जातो. पैसा ज्यानं दिला त्याचं नाव दुसऱ्याला जातं ते वेगळंच. तुर्कस्तानातल्या एफेसस या प्राचीन शहराच्या स्कोलास्टिकियाचं नशीब बरं. तिच्या पुतळ्याला डोकं नाही, पण इमारतींचा भाग खचला तेव्हा या बाईनं सोनं दिलं, हे सांगणारा लेख नावासकट टिकलाय.

सालाचं दुखणं आणखी अवघड. बरेच लेख 'इंडिक्शन'मध्ये साल देतात. हे करवसुलीचं १५ वर्षांचं चक्र, वर्ष १ सप्टेंबरला सुरू. दगड वर्ष कितवं ते सांगतो, चक्र कितवं ते नाही. आठवं म्हटलं तर ४३९-४०, ४५४-५५, ४६९-७०, कुठलंही धरा. जॉर्डनमधल्या जेराशला इ.स.पू. ६३ पासूनचा स्वतःचा शक होता, म्हणून बिशप प्लाकस यांचं स्नानगृह ४५४-५५ चं, हे नेमकं सांगता येतं. त्याचीच दुरुस्ती ५८४ ची.

आणि कधीकधी दगड उत्खननाच्या पुढं असतो. तुर्कस्तानातल्याच अफ्रोडिसियास या प्राचीन शहराच्या एका पद्यलेखात नगरपिता अँपेलिओसनं 'खजुरींच्या जागे'ला शोभा आणली, असं आहे. ती जागा म्हणजे सुमारे १७० मीटर लांबीच्या तलावाभोवतालचं मोठं पटांगण. अलीकडच्या उत्खननात तिथं खजुरी लावल्याच्या खुणा खरोखरच सापडल्या. नकाशावर पूर्वी 'दक्षिण अगोरा' (अगोरा म्हणजे शहराचा बाजारचौक) लिहीत, आता अभ्यासक तिला लेखातल्याच नावानं ओळखतात.