तुम्ही विचारलंत म्हणून: आयपॅडवर गाणं होतं, मग तुम्ही कशाला?

कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर केलं, व्हिडिओही त्यावरच काढला, मग आमच्या पोराला रेकॉर्डिस्ट कशाला हवा? हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं. तर नकोच. स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय, नकोच. पण त्या गोष्टीतला आयपॅड आणि ‘गरिबीतून वर आला’ एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. खोलीचं काय केलं, हे कोणी विचारत नाही.

दहा बाय दहाची खोली धरा. पंखा बंद. फ्रिजचा प्लग काढा आणि आपल्या चपला फ्रिजसमोर काढून ठेवा, म्हणजे निघताना प्लग लावायची आठवण राहते. एकदा दूध नासलं की पुढच्या वेळी त्या घरात कोणी उभं करत नाही. गोधडी माइकच्या मागे टांगू नका, गाणाऱ्याच्या पाठीशी टांगा. माइकचं तोंड तिकडे असतं, आणि त्या भिंतीवरून परत येणारा आवाजच तो जास्त उचलतो. गोधडीने खोलीतला घुमारा मरतो, बाहेरची लोकल नाही. लोकलवर उपाय एकच: शेवटची गाडी गेल्यावर सुरू करा, पहिली सुटायच्या आत आवरा.

कंडेन्सर माइकच्या नादी लागू नका, त्याला शेजाऱ्याचा खोकलासुद्धा ऐकू येतो. साधा डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटं. पॉप फिल्टर म्हणून कशिद्याच्या रिंगवर नायलॉनचा जुना मोजा ताणा. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथ दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज उशीर करतो आणि मिनिटाला ९० बीटच्या टेंपोत पाव बीट होतो १६७ मिलिसेकंदांचा. उशिरा आलेला बीट ऐकून पोरगा त्याच्यावर बरोबर बोलतो, फाइलमध्ये मात्र मागे पडतो. मग शिव्या पोराला.

राहिली लेव्हल, म्हणजे आवाज किती जोरात रेकॉर्ड होतो ते. इथे मला शहाणपणा सांगायचा हक्क नाही.

गोवंडीचा पोरगा, दिवसभर पार्सलं टाकून रात्री दीडला उभा राहिलेला. आतल्या खोलीत आई झोपलेली, म्हणून लेव्हल बघताना तो पुटपुटला. त्या पुटपुटण्यावर मी गेन लावला, म्हणजे माइकचा आवाज किती वाढवायचा ते ठरवलं. रॅपर चाचणीपेक्षा खऱ्या टेकमध्ये आठ-दहा डेसिबल वर जातो, हे मला तेव्हाही माहीत होतं. मीटरवर शून्य ही शेवटची हद्द, त्याच्या खाली वजा १८ वर ठेवायला हवं होतं, मी वजा ६ वर ठेवलं. दुसऱ्या कडव्यात तो आई झोपलीय हे विसरला. लाल दिवा लागला. मी बघितला, आणि थांबवलं नाही.

शून्याच्या वर डिजिटलमध्ये काही नसतं. लाटेचा माथा सपाट कापला जातो. डिक्लिपचं सॉफ्टवेअर तो माथा अंदाजाने पुन्हा रचतं. एखाद-दुसरी टोच असेल तर भागतं. इथे चार ओळी गेल्या होत्या. ‘ख’ आणि ‘फ’ म्हणजे नुसती चिंधी फाटल्यासारखे. नंतर सहा टेक घेतले. शब्द जागेवर, ताल जागेवर, आणि आवाजात आई झोपलेली.

भाव महत्त्वाचा म्हणून थांबवलं नाही, असं मी बरेच दिवस सांगायचो. खोटं. गेन चुकलाय हे त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. पण थांबवलं असतं तर त्या ओळी तशा आल्या असत्या का? तेही छातीठोक सांगवत नाही. त्याने सहावा टेक निवडला, ‘चालतंय दादा’ म्हणाला. फाटलेली फाइल माझ्याकडे आहे. वर्षातून एकदा तरी लावतो. आणि दर वेळी वाटतं, हीच बाहेर काढायला हवी होती, चिंधीसकट.

हल्ली एकच माइक दोन ट्रॅकवर घेतो, दोन वेगळ्या प्रीअँपमधून, म्हणजे गेन जिथे लावतात तिथून. दुसऱ्याचा गेन १२ डेसिबलने खाली, म्हणजे पहिला फाटला तरी दुसरा शाबूत. इंटरफेस, म्हणजे माइक ज्यात लावतात तो डबा, दोन इनपुटचा हवा आणि मध्ये एकाची दोन टोकं करणारी एक वाय केबल, बस्स. तो डबा आयपॅडलाही जोडता येतो.