पाचवी रेघ

मेलबर्नमधल्या एका कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे पाठ-मणक्यावर हाताने उपचार करणाऱ्यांच्या, क्लिनिकमध्ये मी काउंटर सांभाळते. फोन घ्यायचे, अपॉइंटमेंटी द्यायच्या, बिलं करायची आणि दिवसातून दहा वेळा एकाच प्रश्नाला उत्तर द्यायचं: "माझ्या किती उरल्यात?"

उरल्यात म्हणजे व्हिजिटी. एरवी मेडिकेअर, म्हणजे इथला सरकारी आरोग्य विमा, कायरोला पैसे देत नाही. दुखणं जुनाट असेल आणि जीपीने, म्हणजे फॅमिली डॉक्टरने, केअर प्लॅन करून पाठवलं असेल, तर जानेवारी ते डिसेंबरात पाच. त्याही एकट्या कायरोच्या नव्हेत. फिजिओ, डाएटिशियन, पाय तपासणारा पोडायट्रिस्ट, सगळ्यांत मिळून पाच. मधुमेह आणि कंबर दोन्ही ज्याच्या वाट्याला आली, त्याने वाटणी कशी करायची ते त्याचं त्याने बघावं. एका व्हिजिटमागे मेडिकेअरकडून साठेक डॉलर येतात. पेन्शनरांकडून आम्ही वर काही घेत नाही, त्यामुळे ही मंडळी त्या पाचांना जिवापाड जपतात.

काका त्यातलेच. मूळचे आपल्याकडचे, इथे ट्राम चालवून निवृत्त झालेले. शर्टाच्या खिशात छोटी डायरी. तिच्यात चार उभ्या रेघा: दोन पोडायट्रिस्टच्या, एक डाएटिशियनची, एक आमची. पाचवी, आडवी, मारायची राहिलेली. आमच्या डॉक्टरबाई पाच वर्षं शिकून, बोर्डाची नोंदणी घेऊन बसल्यात, पण काका माझ्याशी बोलताना त्यांना 'हाडवैद्यीण'च म्हणतात.

ऑक्टोबरातल्या त्या सोमवारी ते अपॉइंटमेंट नसताना आले. काउंटरवर दोन्ही कोपर टेकून उभे राहिले.

"डिसेंबरातली तारीख दे गं. शेवटची आहे, तेव्हाच वापरू."

"काका, बसा तरी."

"नको. बसलं की पाय पेटतात." मग इकडेतिकडे बघून, आवाज अगदी खाली आणून, "आणि परवापासून लघवीला गेलो तर होतच नाही नीट. तू सांगू नकोस हं तिला. बोलली की व्हिजिट लागेल."

हे ते मला मराठीत सांगू शकले. समोर दुसरी कुणी असती तर डिसेंबरची तारीख घेऊन घरी गेले असते, याबद्दल मला शंका नाही.

मी उठून आत गेले. बाईंनी हातातला पेशंट तसाच थांबवला आणि बाहेर पॅसेजमध्ये आल्या. तीन-चारच प्रश्न. दोन्ही पाय दुखतात का? बसतो ती जागा बधिर वाटते का? पुसताना स्पर्श कळतो का? शेवटच्या प्रश्नावर काका माझ्याकडे बघायचे थांबले आणि भिंतीवरच्या मणक्याच्या तक्त्याकडे बघत "नाही" म्हणाले. बाईंनी त्यांच्या पाठीला हातसुद्धा लावला नाही. मणक्याच्या तळाशी नसांचा जो जुडगा असतो, तो दाबला गेला की वेळ तासांत मोजायची असते. मला म्हणाल्या, अ‍ॅम्ब्युलन्स बोलाव.

काकांचा पहिला प्रश्न: "बिल?" मेडिकेअर अ‍ॅम्ब्युलन्सचे पैसे देत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. पेन्शन कार्डावर फुकट असते म्हटल्यावर खांदे सैल पडले. मी बाईंना विचारलं, ही व्हिजिट लावायची का? "वीस मिनिटं कुठे झाली? नाही लागत." वीस मिनिटांपेक्षा कमी असेल तर ती धरता येत नाही, असा नियम आहे.

त्याच रात्री एमआरआय आणि ऑपरेशन झालं. सरकारी हॉस्पिटल, बिल शून्य. तिथे कुणी रेघा मोजत नाही.

खरं सांगायचं तर मर्यादा असूच नये असं मला वाटत नाही. आधी जिथे काम केलं तिथे चोवीस-चोवीस व्हिजिटींचे पॅकेज विकायला लागायचे, पाठ दुखत असो वा नसो. जुनाट कंबरदुखीवर हाताने केलेल्या उपचारांचा काहींना थोडाफार उपयोग होतो. 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही तो एक पर्याय म्हणून धरला आहे, पण बेतानेच. तेव्हा कुणीतरी मोजायला हवंच. पण पाच या आकड्यात तक्रार सांगणंसुद्धा धरलं जातं, असा समज आम्ही काउंटरवाल्यांनीच होऊ दिला. 'किती उरल्या' एवढंच आम्ही सांगत राहिलो. आता मी प्रत्येकाला सांगते की फोन करायला, काउंटरवर येऊन विचारायला काही लागत नाही. निम्म्यांचा विश्वास बसत नाही.

डिसेंबरच्या शेवटी काकांचा फोन आला. चालतात, काठी घेऊन. लघवीचं बरंच सुधारलंय.

"ती पाचवी जानेवारीत चालेल ना गं?"

"जीपीचं रेफरल चालेल काका. पण ती नव्या वर्षाच्या पाचांत धरतील."

पलीकडे डायरीचं पान उलटल्याचा आवाज.

"म्हणजे गेली ना वाया!"