२०२४ मध्ये लीड्समध्ये बसून ऐकलेले अल्बम

डिसेंबर लागला की इकडे इंग्लंडमध्ये जो तो वर्षभरातले आवडते अल्बम सांगत सुटतो. बीबीसीच्या सिक्स म्युझिक रेडिओवर तेच, पेपरच्या पुरवण्यांत तेच, ऑफिसात दुपारी चहाला उभं राहिलं तरी तेच चालू असतं. चार वाजता अंधार पडतो, बाहेर पाऊस, कुठे जायचं नसतं, त्यामुळे एक अल्बम लावून पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत ऐकायला याच्यासारखा महिना नाही. तर २०२४ मध्ये मला मनापासून आवडलेले अल्बम सांगते. नंबर वगैरे देत नाही, पण पहिला कोणता यात मला काहीच शंका नाही.

इंग्लिश टीचर नावाचा बँड, 'धिस कुड बी टेक्सस' हा त्यांचा पहिला अल्बम, १२ एप्रिलला आला. बँड आमच्या लीड्सचा (हो, आता "आमच्या"च म्हणते). लिली फाँटेन गाते, बाकी डग्लस फ्रॉस्ट, निकोलस ईडन आणि लुईस व्हायटिंग, ही मंडळी इथल्या लीड्स कन्झर्व्हेटॉयर या संगीताच्या कॉलेजात एकत्र आली. एप्रिलपासून मी हा अल्बम लोकांच्या मागे लागून ऐकवत होते आणि ५ सप्टेंबरला त्याला मर्क्युरी प्राइझ मिळालं.

मर्क्युरी म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. १९९२ पासून दरवर्षी ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या निवडक अल्बमची (हल्ली १२) यादी काढतात, त्यातून एक निवडतात, बक्षीस २५,००० पाउंड. किती कॉप्या खपल्या हे बघत नाहीत, परीक्षक बसून ऐकतात आणि ठरवतात. २०१४ साली एडिनबरोच्या यंग फादर्सना मिळालं, त्यानंतर दरवर्षी ते लंडनवाल्यांकडेच जात होतं. आणि दहा वर्षांनी आलं ते थेट लीड्सला! दुसऱ्या दिवशी बसमध्ये, कॉफीच्या दुकानात, जंबो रेकॉर्ड्समध्ये (१९७१ पासूनचं दुकान आहे, सध्या मेरियन सेंटरमध्ये) लोक अनोळखी माणसाशीपण याच विषयावर बोलत होते. इकडची माणसं अशी सहजासहजी बोलत नाहीत, त्यामुळे ते जास्तच लक्षात राहिलं.

पण बक्षीस बाजूला ठेवा, अल्बम का आवडला ते सांगते. तेरा गाणी आहेत आणि एकही दुसऱ्यासारखं नाही. गिटारचा बँड म्हणावं तर मधेच पियानो सगळं ताब्यात घेतो, ताल धरून पाय हलवायला लागावं तर मात्रा बदलतात आणि पाय हवेतच राहतो, लिली मधेच गायचं सोडून नुसती बोलते आणि मग एकदम असा आवाज लावते की आपण हातातलं काम ठेवून देतो. 'निअरली डॅफोडिल्स'मधला बेस हेडफोन लावून ऐका, मोबाईलच्या स्पीकरवर त्याची मजा कळणारच नाही. 'यू ब्लिस्टर माय पेंट' हे संथ, जवळजवळ रिकामं गाणं आहे, ते रात्री ऐका.

आणि या सगळ्याच्या मागे एक गाव आहे. लिली वाढली लँकशरमधल्या कोल्न नावाच्या छोट्या गावात. आमच्या यॉर्कशरच्या हद्दीपासून अगदी जवळ, पण लीड्सहून तिथे थेट ट्रेन नाही, कारण स्किपटन ते कोल्न ही लाइन १९७० मध्ये बंद केली ती केलीच. एकेकाळी कापडगिरण्यांवर जगलेला हा सगळा पट्टा आहे, गिरण्या गेल्या आणि गावं राहिली. मुंबईच्या गिरणगावाबद्दल ऐकत मोठं झालेल्या माणसाला तिथून चालताना फार काही समजावून सांगावं लागत नाही. तर 'द वर्ल्ड्स बिगेस्ट पेव्हिंग स्लॅब' या गाण्यात तिने त्या भागातल्या गोष्टी घेतल्यात, तिथला R&B (रिदम अँड ब्लूज, मूळचं कृष्णवर्णीय अमेरिकनांचं संगीत) फेस्टिव्हल, शेजारच्या बर्नलीतल्या डेव्ह नावाच्या एका व्यावसायिकाने काढलेली ती 'बँक ऑफ डेव्ह', अशा गोष्टी ज्या गावाबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. शेवटचं गाणं 'अल्बर्ट रोड', हा कोल्नमधला मुख्य रस्ता. हळूहळू सुरू होतं आणि शेवटाला इतकं मोठं होतं की संपल्यावर लगेच दुसरं काही लावावंसं वाटत नाही. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की तिने गाव सुंदर करून दाखवलेलं नाही आणि गावाला नावंही ठेवलेली नाहीत. जे आहे, ते नावानिशी सांगितलंय.

'R&B' नावाचं एक गाणं आहे, ते २०२१ मध्ये सिंगल म्हणून आधी आलं होतं, अल्बमसाठी परत केलंय. लिलीच्या रंगाकडे बघून लोक गृहीत धरायचे की ही R&B गात असणार, त्यावरच ते गाणं सुरू होतं. हे ऐकताना मला काय होतं ते इथे राहणाऱ्या कुठल्याही देशी माणसाला विचारा. गिटार बँडच्या गिगला मी एकटी उभी असते, आजूबाजूला बहुतेक गोरे चेहरे, आणि कुणीतरी अगदी चांगल्या मनाने विचारतं की तू कुणाबरोबर आलीस, तुला कसं काय हे आवडतं. वाईट हेतू नसतो हो, पण दर वेळी उत्तर द्यावं लागतं ना. पहिल्या रांगेत उभं राहून ते गाणं मोठ्याने म्हणताना माझा गळा दाटून आला, आणि माझ्या बाजूची मुलगी, ती बहुतेक पंजाबी असावी, तीपण रडत होती.

आता जरा वेगळं, पण यालाच धरून. असे बँड तयार कुठे होतात? ब्रुडेनेल सोशल क्लबसारख्या जागांमध्ये. हा क्लब १९१३ सालचा, मूळचा मेंबर लोकांचा अड्डा, आजही एका बाजूला स्नूकर चालू असतं आणि दुसऱ्या बाजूला हॉलमध्ये बँड. साधारण ४०० माणसं मावतात. तिकीट परवडतं, स्टेज इतकं जवळ की गिटारवाल्याच्या बोटांवरचे घट्टे दिसतात. नवीन पोरं आधी इथे तीस-चाळीस लोकांसमोर वाजवतात, मग दुसऱ्या मोठ्या बँडच्या आधी वाजवतात, मग एक दिवस हॉल त्यांच्या नावावर भरतो. ही शिडी आहे, आणि तिच्या खालच्या पायऱ्या तुटत चालल्यात. म्युझिक व्हेन्यू ट्रस्ट नावाची संस्था याचा हिशोब ठेवते, त्यांच्या आकड्यानुसार एकट्या २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या अशा १२५ छोट्या जागा लाइव्ह म्युझिकला मुकल्या. भाडं वाढलं, वीजबिल वाढलं, शेजारी नवे फ्लॅट आले आणि तिथल्या लोकांनी आवाजाच्या तक्रारी केल्या, कारणं हीच. मर्क्युरीलासुद्धा २०२४ मध्ये स्पॉन्सर मिळाला नाही, त्यामुळे नेहमीचा मोठा लाइव्ह सोहळा न करता अॅबी रोड स्टुडिओत छोटा कार्यक्रम करून बक्षीस दिलं.

म्हणून २०२४ मध्ये इकडे मागणी चालू होती की स्टेडियम आणि अरीनातल्या मोठ्या शोच्या दर तिकिटामागे १ पाउंड छोट्या जागांसाठी काढायचा. नोव्हेंबरमध्ये सरकारनेही सांगितलं की इंडस्ट्रीने हे आपणहून करावं. ज्या कोल्डप्लेच्या नवी मुंबईच्या तिकिटांसाठी सप्टेंबरमध्ये तुम्ही सगळे लॅपटॉप आणि तीन-तीन मोबाईल घेऊन रांगेत बसला होतात, त्याच कोल्डप्लेने २०२५ च्या वेम्बली आणि हल इथल्या शोमधल्या आपल्या कमाईतले १० टक्के या ट्रस्टला द्यायचं जाहीर केलं. मला हे फार आवडलं. पुण्यात, नाशकात, आमच्या नांदेडमध्ये स्वतःची गाणी लिहिणारी पोरं काय कमी आहेत का, पण ४०० माणसांची, दर आठवड्याला चालणारी, परवडणारी जागा कुठेय? नाट्यगृह मिळवायला किती खेटे घालावे लागतात ते ज्यांनी घातलेत त्यांना विचारा.

दुसरा अल्बम अरूज आफताबचा 'नाइट रेन' (Reign, म्हणजे राज्य, पाऊस नव्हे), मे महिन्याच्या शेवटी आला. अरूज पाकिस्तानी, लाहोरात वाढली, आता न्यूयॉर्कला असते. २०२२ मध्ये 'मोहब्बत'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा ग्रॅमी घेणारी ती पहिली पाकिस्तानी कलाकार ठरली, तेव्हापासून मी तिचं सगळं ऐकते. 'नाइट रेन' नावाप्रमाणे रात्रीचा अल्बम आहे, हार्प, डबल बेस, मधे व्हायब्राफोन, आणि तिचा तो खालच्या पट्टीतला, कुठेही घाई नसलेला आवाज. पण मला धरून ठेवलं ते 'ना गुल' आणि 'साक़ी' या दोन गाण्यांनी, कारण दोन्हीचे शब्द महलका बाई चंदा यांचे आहेत.

महलका बाई कोण, तर हैदराबादच्या निजामाच्या दरबारातली कवयित्री आणि गायिका, जन्म १७६८ चा. निजामाबरोबर शिकारीला, मोहिमेवर जायची, तिला जहागिरी होती. १८२४ मध्ये वारली आणि त्यानंतर तिच्या गझलांचा दिवाण आला. म्हणजे तिला जाऊन बरोबर २०० वर्षं झाली त्या वर्षी न्यूयॉर्कमधली एक बाई तिची गझल जॅझवाल्यांबरोबर गातेय ('साक़ी'मध्ये पियानोवर विजय अय्यर आहे). आमचा मराठवाडा १९४८ पर्यंत याच निजामाच्या राज्यात होता. माझे आजोबा उर्दू मीडियममध्ये शिकले, घरातले जमाखर्च उर्दूत लिहायचे, चिडले की उर्दूत चिडायचे. लहानपणी आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, उलट आते-मामे भावंडं मिळून हसायचो. आता इथे थंडीत हेडफोन लावून 'ना गुल' ऐकते आणि त्यातले शब्द अर्थ न शोधता कळतात तेव्हा आजोबांची जाम आठवण येते. आईला पाठवलं होतं, तिने तीनदा ऐकलं आणि म्हणाली, "हे आप्पांना आवडलं असतं गं, फक्त ते म्हणाले असते, तबला कुठेय."

बेथ गिबन्सचा 'लाइव्ह्ज आउटग्रोन' हा ज्यांची चाळिशी ओलांडली त्यांनी तर ऐकाच. बेथ म्हणजे पोर्टिसहेड बँडची गायिका, ज्यांच्या 'डमी' या अल्बमला १९९५ चं मर्क्युरी मिळालं होतं. हा तिचा पहिला सोलो अल्बम, बनवायला दहा वर्षं लागली. वय वाढणं, शरीर बदलणं, मेनोपॉज, ओळखीची माणसं एकेक करून जाणं, यावर गाणी आहेत. आपल्याकडे बायका या गोष्टी स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलतात, गाण्यात तर विषयच नाही. 'फ्लोटिंग ऑन अ मोमेंट'मध्ये मागून लहान मुलांचा कोरस येतो, आणि त्या बाईच्या थकलेल्या आवाजामागे ती कोवळी पोरं गायला लागली की कितीही वेळा ऐकलं तरी अंगावर काटा येतो.

द क्युअर या जुन्या ब्रिटिश रॉक बँडचं काय सांगू. १६ वर्षांनी नवा अल्बम, 'साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड', १ नोव्हेंबरला आला. फक्त आठ गाणी, त्यातलं शेवटचं दहा मिनिटांच्या वरचं. पहिल्याच गाण्यात त्यांचा गायक रॉबर्ट स्मिथ तोंड उघडेपर्यंत तीन मिनिटांच्या वर जातात, नुसतं संगीत चालू. आजकाल पंधरा सेकंदांत माणूस पुढच्या रीलवर जातो आणि हा माणूस पासष्टीत एवढा वेळ थांबवून ठेवतो, आणि लोक थांबले, अल्बम इकडे एक नंबरला गेला, १९९२ नंतर पहिल्यांदा. स्मिथच्या भावाच्या जाण्यावरचं एक गाणं आहे, ते मी घराबाहेर ऐकत नाही.

नाला सिनेफ्रोचा 'एंडलेसनेस' पाऊण तासाचा आहे, दहा तुकडे पण सलग एकच प्रवाह, हार्प आणि सिंथेसायझर, शब्द नाहीत. काम करताना लावते. यार्ड ॲक्टचा 'व्हेअर्ज माय युटोपिया' हाही लीड्सचाच, त्यातलं 'ब्लॅकपूल इल्युमिनेशन्स' तेवढं नक्की ऐका, लहानपणच्या एका सहलीवर सुरू होतं आणि कुठच्या कुठे जातं.

आता मैत्रिणींचा प्रश्न मला माहितेय, 'ब्रॅट' कुठेय? चार्ली एक्ससीएक्सचा तो पोपटी कव्हरचा अल्बम उन्हाळाभर इथे प्रत्येक दुकानात, प्रत्येक पार्टीत वाजत होता, कॉलिन्स डिक्शनरीने तर वर्षाचा शब्दच तो निवडला. मी नाचलेय त्यावर, पोट भरून नाचलेय, आणि त्यातली दोन-तीन गाणी खरंच हुशारीने लिहिलेली आहेत. पण घरी एकटी असताना तो लावावा असं मला कधी वाटलं नाही, आणि माझी यादी घरी एकटीने ऐकलेल्या अल्बमांची आहे. ज्यांना नाचायचंय त्यांनी तिथून सुरुवात करा. बाकीच्यांनी 'अल्बर्ट रोड'पासून नको, पहिल्या गाण्यापासून, 'अल्बट्रॉस'पासून, आणि कृपा करून शफल बंद ठेवा.