पासा, पासा!

माद्रिदमधल्या एखाद्या घराचं दार उघडतं आणि आतून येतं, 'पासा, पासा!' अर्थ एवढाच की आत ये, पण दोनदा. 'खिडकी उघडू का?' विचारलं तर उत्तर, 'आब्रेला, आब्रेला.' एकदा म्हटलेली परवानगी कोरडी, दुहेरी म्हटलेली मनापासूनची. आपलं 'ये ये', 'बस बस', 'घे गं घे' दुसरं काय असतं? व्याकरणात याला आज्ञार्थ म्हणतात, पण आज्ञा त्यात औषधालाही नसते.

म्हणून मराठी माणसाने या रूपाला बिचकायचं कारण नाही. बिचकतो तो इंग्रजीच्या वाटेने स्पॅनिशपर्यंत पोचलेला. मित्राच्या घरी जेवताना 'मला मीठ देऊ शकशील का, कृपया' असं लांबण लावतो. 'पासामे ला साल', झालं. प्रत्येक घासाला 'पोर फाबोर' (कृपया) लावलं तर घरचा माणूस पाहुणा होऊन बसतो.

रूप सोपं आहे. 'तो बोलतो' म्हणजे आब्ला, आणि 'बोल' म्हणजेही आब्लाच. 'ती खाते' कोमे, 'खा' कोमे. आठ क्रियापदं तेवढी हट्टी, झिजून एकेका अक्षरावर आलेली: दी (सांग), आस (कर; स्पेनात बहुतेक ठिकाणी आथ), बे (जा), पोन (ठेव), साल (बाहेर पड), से (हो), तेन (घे, धर) आणि बेन (ये). यातला 'साल' म्हणजे मीठसुद्धा. शिवाय त्याला 'ले' हे सर्वनाम जोडलं की दोन 'एल' शेजारी येतात आणि वाचताना भलताच उच्चार होतो. हा शब्द बोलता येतो पण लिहिता येत नाही, हे स्पॅनिशच्या अकादमीनेच मान्य केलंय.

खरी फसगत नकारात. 'कोमे'च्या आधी नुसतं 'नो' ठेवून भागत नाही. शेवटचा स्वर उलटतो. कोमे, पण नो कोमास. आब्ला, पण नो आब्लेस. आपणही 'नको खा' कुठे म्हणतो? 'खाऊ नकोस' म्हणतो, क्रियापदाला वाकवूनच. सर्वनामही जागा बदलतं: होकारात शेपटीसारखं मागे चिकटतं, नकारात पुढे येऊन उभं राहतं. दीमेलो, म्हणजे ते मला सांग. नो मे लो दीगास, म्हणजे सांगू नकोस. शेपूट लागली तरी जोर मूळ जागीच राहतो. प्रुएबालो, 'चाखून तर बघ', यात तो 'ए'वर आहे, म्हणून लिहिताना त्या स्वरावर तिरकी रेघ हवी. ती राहिली की वाचणारा 'बा'वर जोर देतो आणि शब्द लंगडतो.

सर्दी झालेल्या मैत्रिणीला म्हणावं, 'तोमाते उन ते कोन मिएल.' मध घालून चहा पिऊन घे. तोमातेमधला 'ते' जवळजवळ आपला 'घे'च. मात्र तो कुठेही चिकटवू नये. 'बे आल मेदिको' हा 'डॉक्टरकडे जा' असा सल्ला, पण नुसतं 'बेते' म्हणजे निघ इथून.

'मिरा' म्हणजे 'हे बघ' आणि 'ओये' म्हणजे 'अगं ऐक'. हा 'ओये' आपल्या कानाला रस्त्यावरचा वाटतो, तिकडे त्यात काही वावगं नाही. फारच संकोच वाटला तर 'यो के तू' आहे: मी तुझ्या जागी असते तर.

आर्जेन्टिनात 'तू'च्या जागी 'बोस' येतो. जोर शेवटच्या स्वरावर सरकतो आणि हट्टी आठांतले बहुतेक सरळ होतात: बेनचं बेनी, पोनचं पोने. 'जा'ला मात्र बोसचं स्वतःचं रूपच नाही. ते 'चालणे'कडून उसनं घेतात, आंदा. स्पेनातही आर्जव करताना आंदा म्हणतात. फरक जोराचा. पहिल्या अक्षरावर दिला तर माद्रिदमधलं 'चल ना', दुसऱ्यावर दिला तर ब्वेनोस आइरेसमधलं 'जा'.