प्रुफांसाठी टॅबलेट घेतला, त्याची गोष्ट

मी पुस्तकांची प्रुफं तपासते, म्हणजे छपाईआधीच्या पानांतल्या चुका शोधते. टाळेबंदीनंतर प्रकाशकांनी कागद पाठवणं जवळजवळ बंदच केलं. आता व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते आणि प्रिंटचा खर्च माझ्या माथी. अडीचशे पानांचं पुस्तक, दोन वेळा प्रुफं, पानाला दोन रुपये, म्हणजे एका पुस्तकामागे हजार रुपये कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला. वर्षाला बारा-चौदा पुस्तकं होतात. टॅबलेट डोक्यात आला तो या हिशेबापायी, हौस म्हणून नाही.

मुलगी म्हणाली, "आई, लॅपटॉप घे. टॅबलेट म्हणजे नुसता मोठा मोबाइल." तिचं अगदीच चूक नव्हतं. पण लॅपटॉपचा पडदा आडवा आणि पुस्तकाचं पान उभं. शिवाय मला टाइप थोडंच करायचंय? समासात रेघ ओढून वेलांटी बदलायची, कुठे शब्द तुटलाय तो जोडायचा. हे माउसने करायचं म्हणजे केरसुणीने रांगोळी काढायची.

मग फूटपट्टी घेऊन बसले. आपली बरीच पुस्तकं डेमी आकाराची, साडेपाच बाय साडेआठ इंच. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजलं तर दहा इंचांच्या किंचित वर भरलं. टॅबलेटचा पडदाही असाच तिरका मोजतात. म्हणजे दहा-अकरा इंची टॅबलेट उभा धरला की पान छापील आकारात दिसणार. आठ इंची स्वस्त होते, पण तिथेच बाद झाले. काळा-पांढरा ई-रीडर डोळ्यांना फार सुखाचा, पण नेहमीचे सहा-सात इंची. त्यावर पान आक्रसतं, आणि लाल खूण लाल दिसतच नाही.

दुकानातल्या मुलाने प्रत्येक टॅबलेटवर रंगीत माशांचा व्हिडिओ लावून दाखवला. मासे सगळीकडेच छान दिसतात. मी माझ्या मोबाइलमधलं एक प्रूफ त्यावर पाठवलं आणि उघडायला लावलं. स्वस्तातला पडदा १२८० बाय ८०० पिक्सेलचा होता. त्यावर 'द्व' आणि 'द्ध' यांत फरक कळेना, 'घ' आणि 'ध' चाचपडत ओळखावे लागत होते. प्रत्येक वेळी बोटांनी पान मोठं करून बघायचं तर मोबाइल काय वाईट होता? १९२० बाय १२०० वाल्यावर तेच पान लख्ख दिसलं. मराठीत वाचणाऱ्याने तरी ही परीक्षा घ्यावीच. आपल्या जोडाक्षरांचा जीव बारीक असतो.

दुसरी परीक्षा पेनाची. रबरी टोकाचं पेन शंभर-दोनशेत मिळतं, पण ते बोटासारखंच जाडं चालतं आणि हात टेकला की पानच सरकतं. हात टेकून लिहिता येईल असं पेन हवं तर टॅबलेटही त्याला साजेसा लागतो. ॲपलच्या आयपॅडचं पेन वेगळं विकत घ्यावं लागतं, सॅमसंगच्या काही टॅबलेटांसोबत ते खोक्यातच येतं. मी खोक्यात पेन असलेला घेतला. सगळं मिळून सत्तावीस हजार. सिमवाला घेतला नाही, घरात वायफाय आहे.

पहिल्याच पुस्तकात फजिती झाली. दोनशे पानांवर खुणा करून फाइल पाठवली आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचा फोन आला, "मॅडम, एकही चूक नाही?" माझ्या खुणा पीडीएफवर वेगळ्या थरात होत्या आणि तो ज्या ॲपमध्ये बघत होता तिथे त्या उमटतच नव्हत्या. आता 'प्रिंट' मध्ये जाऊन पुन्हा पीडीएफ म्हणूनच साठवते, मग खुणा पानाशी एकजीव होतात. हे शोधायला मला दोन दिवस लागले.

बाकी तोट्यांची सवय झाली, पण ते आहेतच. युनिकोड म्हणजे सगळ्या यंत्रांवर अक्षरं सारखीच ओळखली जाण्याची पद्धत; ती नसलेल्या जुन्या फॉन्टमधली वर्ड फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. त्याच फॉन्टच्या पीडीएफमध्ये एखादं नाव सगळीकडे सारखं लिहिलंय का, हे शोधायला जावं तर काहीच सापडत नाही. अर्धा किलोचं वजन आडवं पडून पंधरा मिनिटंही पेलवत नाही. खिडकीचा उजेड पडद्यावर चमकतो म्हणून चमक कमी करणारी काच लावली, तर अक्षरं रवाळ दिसायला लागली. ती काढून टाकली आणि टेबलच फिरवलं.

सगळ्यात मोठी अडचण दुसऱ्या प्रुफाची. पहिल्यातली प्रत्येक दुरुस्ती दुसऱ्यात लागली का, हे ताडून बघायचं तर दोन्ही पानं शेजारी हवीत. पडदा दुभागला की दोन मोबाइल हातात धरल्यासारखं होतं. म्हणून आता पहिलं प्रूफ टॅबलेटवरच तपासते, आणि दुसरं आलं की तेवढं छापून आणते. खुणा केलेलं पहिलं टॅबलेटवर उभं, कागद त्याच्यापुढे, हातात लाल पेन.

झेरॉक्सवाल्याचं बिल निम्म्यावर आलंय. म्हणजे टॅबलेटचे पैसे फिटायला दोन नव्हे, चार वर्षं. मुलीला हा आकडा अजून सांगितलेला नाही.