लेगॉनच्या टेकडीवर बोलणारे ढोल

बोलणारे ढोल ऐकायला पश्चिम आफ्रिकेतल्या घानाला निघायचं ठरलं की तिकिटाआधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस घ्यावी. प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच. तिथे मिळणारं पिवळं कार्ड पासपोर्टला रबरबँडने बांधून ठेवा. राजधानी अक्राला उतरल्यावर ते लागतं आणि परतताना भारतातल्या विमानतळावरही तेच मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

अक्रात सर्कलहून किंवा 37 नावाच्या थांब्यावरून मदिना या उपनगराकडे जाणारी ट्रोट्रो, म्हणजे आपली वडाप, घाना विद्यापीठावरून जाते. विद्यापीठाला सगळे लेगॉनच म्हणतात. दारातला ‘मेट’, म्हणजे कंडक्टर, ठिकाणांची नावं ओरडत असतो. सुटे सेडी, म्हणजे तिथलं चलन, काढून ठेवा आणि पैसे उजव्या हातानेच द्या. डावा हात पुढे करणं इथे उद्धटपणाचं. प्रसाद उजव्या हातात घेण्याची सवय असलेल्या आपल्याला हे जड जात नाही. गेटपासून आतली चाल मात्र बरीच आहे, तीही चढाची. लाल कौलांच्या पांढऱ्या इमारती बघत जायचं, तर हाताशी अर्धा तास जास्तच ठेवा.

इथल्या आफ्रिकन स्टडीज संस्थेचं रीतसर उद्घाटन घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी 25 ऑक्टोबर 1963 रोजी केलं. आफ्रिकेचा अभ्यास आफ्रिकेच्याच नजरेतून व्हावा, हा त्यांचा आग्रह होता. संगीताचे मोठे अभ्यासक क्वाबेना एन्केटिया पुढे या संस्थेचे संचालक झाले. त्यामुळे ढोल आणि नाच हा इथे व्याख्यानानंतरचा विरंगुळा नाही, तो अभ्यासाचाच विषय आहे. 25 मेच्या आफ्रिका दिनाच्या सुमारास जाणार असाल तर छत्री घ्या. मे-जून हे अक्रातले भर पावसाचे दिवस.

इथल्या कार्यक्रमांच्या आरंभी बऱ्याचदा पूर्वजांची नावं घेत जमिनीवर मद्याची धार सोडतात. तेवढा वेळ फोन खिशात ठेवून शांत उभं राहावं. मग आतुम्पान वाजतात, आणि माझ्या मते खास त्यांच्यासाठी लेगॉनला यावं.

आतुम्पान म्हणजे लाकडाचे दोन उंच ढोल, तिरके टेकवलेले. खर्जातला तो नर, चढ्या सुराचा ती मादी. वादक उभ्याने, 7च्या आकड्यासारख्या वाकलेल्या काठ्यांनी वाजवतो. घानातल्या अकान लोकांच्या त्वी भाषेत अक्षराचा सूर चढा की उतरता, यावर शब्दाचा अर्थ बदलतो. ढोल तेवढा सूर आणि लय उचलतात, व्यंजनं गळून जातात. मग एकाच चालीत बसणारे अनेक शब्द निघतात आणि घोटाळा होतो. तो टाळायला वादक सुटा शब्द वाजवत नाही, ठरलेली लांब ओळ वाजवतो. आपल्याकडे नुसतं नाव न घेता बिरुदावलीसकट पुकारतात, तसंच काहीसं.

दमट हवेत कातडं सैल पडतं आणि दोन सुरांमधलं अंतर पुसट होतं. तिथेच बोलणं बिघडतं, कारण सगळा अर्थ त्या अंतरातच आहे. म्हणून वादक कडेच्या खुंट्या ठोकून आत बसवतो आणि ऊन असेल तर ढोल उन्हात ठेवतो. हलगी शेकताना पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. वेळेआधी पोहोचलात तर हे जरूर बघा. ऐकायला बसताना दोन्ही ढोलांच्या बरोबर समोर बसा. एका कडेला बसलं की एकच सूर जास्त ऐकू येतो. फोनच्या माइकमध्ये खर्ज नीट येत नाही, तेव्हा ते कानांनीच ऐकलेलं बरं.

जेवणात वाचे मागा. भात आणि चवळी ज्वारीच्या पानांसोबत शिजवतात, त्यानेच तो तांबूस रंग येतो. शाकाहारी असाल तर ‘शितो नको’ असं आधीच सांगा. त्या काळ्या तिखटात सुकी मासळी असते. रेडरेडमध्येही चवळीच, पाम तेलात शिजवलेली, सोबत तळलेली पिकी केळी. त्यातही मासळी नाही ना, हे विचारून घ्यावं.

भारतीय म्हटल्यावर इथे गांधीजींच्या पुतळ्याचा विषय निघू शकतो. जून 2016मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तो याच आवारात बसवला गेला आणि डिसेंबर 2018मध्ये हटवला गेला. दक्षिण आफ्रिकेतल्या सुरुवातीच्या काळात गांधीजींनी कृष्णवर्णीयांबद्दल जे लिहिलं, त्यावर इथल्या प्राध्यापकांचा आक्षेप होता. वाद घालण्यापेक्षा ते लेखन आधी वाचून जावं आणि त्यांचं म्हणणं पूर्ण ऐकावं.

डायस्पोरा, म्हणजे आफ्रिकेबाहेर पांगलेले आफ्रिकी लोक, म्हटलं की इथे साहजिकच अटलांटिक डोळ्यांपुढे येतो. गुलामांना डांबून ठेवलं जायचं तो घानाच्या किनाऱ्यावरचा केप कोस्टचा किल्ला, गुलामांची जहाजं, 1961मध्ये अमेरिकेहून येऊन अक्रातच देह ठेवलेले कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस. हिंदी महासागराची बाजू त्या मानाने कमी निघते. ती आपण मांडू शकतो. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, खडकी शहर (आजचं छत्रपती संभाजीनगर) त्याने वसवलं, आणि जंजिऱ्यावर आफ्रिकी वंशाच्या सिद्दींनी राज्य केलं. व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांत हात वर करा, उजवा, आणि एवढं सांगा. जंजिऱ्याचा एखादा फोटो सोबत असू द्या.