टांग्याचा साज घेताना आधी बक्कल उलटं करा

साज बघायला गेलं की नजर पितळी फुलांवर आणि गोंड्यांवर जाते. पट्टा बक्कलात दुमडून जिथे शिवलेला असतो, ती जागा आधी उलटी करून बघा. ओढ तिथे येते, घाम तिथे मुरतो, तुटतंही तिथेच. दुमडीवर बारीक भेगा दिसल्या तर तो साज खाली ठेवा, तेल पाजून त्या भरत नाहीत.

मग कापलेली कड. आत निळसर करडा रंग दिसला तर चामडं क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं आहे. हाताला मऊ लागतं, पण ओढीने लांबतं. एका बाजूची जोत, म्हणजे गाडी ओढायचा लांब पट्टा, दोन बोटं लांबली की घोड्याचा एक खांदा जास्त ओढतो आणि गाडी तिरकी चालते. जोतीला वनस्पतींच्या सालीत कमावलेलं, दुहेरी शिवलेलं चामडंच हवं. टाके इंचाला सात-आठ पुरेत. फार दाट टाके म्हणजे चामड्याला पाडलेली भोकांची रांग, ते तिथूनच फाटतं. दोन सुयांनी हाताने घातलेल्या शिवणीत एक टाका तुटला तरी पुढचे धरून राहतात.

बक्कलं आणि कड्या तपासायला खिशात चुंबक ठेवा. मुलाम्याचं लोखंड लगेच चिकटतं, आणि पावसाळ्यात त्याचा गंज चामडं खातो.

आता गाडीचा प्रकार. टांग्याला दोन चाकं, म्हणजे दांड्यांचं वजन पाठीवर येतं. खोगीर रुंद, दोन्हीकडे भरीव आणि मधे कण्यावर मोकळी पन्हळ असलेलं हवं. चारचाकी बग्गीच्या दांड्यांचं वजन पाठीवर जवळजवळ येत नाही, तिथलं अरुंद खोगीर टांग्याला लावलं की पाठ सोलवटते. स्वस्तात मिळतं म्हणून हेच सर्रास होतं.

छातीपट्टा श्वासनळीच्या खाली आणि खांद्याच्या टोकाच्या वर बसावा. खाली सरकला तर पाऊल अडतं, वर चढला तर घोडा घोरतो. पट्ट्याखाली पंजा सहज जायला हवा. ओझं जड असेल तर छातीपट्ट्यावर भागवू नका, मापाची हसळी, म्हणजे मानेभोवती बसणारं भरीव कडं, घ्या.

घोड्याच्या मांड्यांमागून जाणाऱ्या मागच्या पट्ट्यावर काटकसर नको. ब्रेक नसलेला टांगा उतारावर तोच थोपवतो. जोती ताणलेल्या असताना पट्टा आणि मांडी यांत हात आडवा बसेल इतकी जागा ठेवा. ढिला राहिला तर गाडी आधी घोड्याच्या पायांवर आदळते.

नायलॉनचा साज पावसात टिकतो, हे खरं. पण त्याची कड कातडी कापते, आणि अपघातात अडकलेला घोडा सोडवायची वेळ आली तर तो तुटत नाही. घेतलाच तर धारदार सुरी गाडीत ठेवा.